बसल्या जागेवरून बंद

पुसदला बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमची टायपिंग आणि कॉम्प्युटरची इन्स्टिट्यूट आहे. खाली बियाण्यांच्या पिशव्या आणि फवारणीच्या औषधांचा वास, वर वीस कॉम्प्युटर. मी आणि बायको दोघं मिळून चालवतो. शिकवते ती, ओरडतो मी. ही वाटणी कोणी ठरवली नव्हती, स्वभावानंच होऊन गेली.

संध्याकाळी गावोगावच्या बसेसची वेळ झाली की मुलं अशी पळायची की मशीन बंद करायचं कोणाच्या डोक्यातच यायचं नाही. मग मी एकेका टेबलाखाली वाकून बटण दाबत फिरायचो. विसाव्या टेबलापर्यंत कंबर बोलायला लागायची आणि माझं तोंडही. दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला आलेल्या माणसानं मला एक गोष्ट शिकवली. सगळी मशीनं एकाच जाळ्यात जोडलेली असल्यामुळे केबिनमधल्या माझ्या कॉम्प्युटरवरून त्यातलं कुठलंही मशीन बंद करता येतं, आणि बंद होण्याआधी त्याच्या पडद्यावर आपला निरोपही दाखवता येतो. त्यानं मला दोन बटणं बनवून दिली. पहिलं संध्याकाळचं. ते दाबलं की विसाच्या वीस पडद्यांवर 'काम सेव्ह करा, मशीन बंद होत आहे' असं यायचं आणि मिनिटाभरात सगळं शांत. पहिल्या दिवशी मी खुर्चीत बसून हे पाहिलं आणि लहान पोरासारखा खूश झालो.

दुसरं बटण मी मागून घेतलं. ते एकाच मशीनसाठी होतं. मशीनचा नंबर टाकायचा, एंटर मारायचं, की अर्ध्या मिनिटात ते मशीन बंद. त्याआधी पडद्यावर काय दिसावं, असं त्या माणसानं विचारलं. त्याच दिवशी सकाळी एक जण तासभर क्रिकेट बघताना सापडला होता, त्यामुळे मी रागातच होतो. मी सांगितलं, लिहा, 'हे तुमच्याच्यानं होणार नाही. घरी जा.' बायको म्हणाली, "अहो, थोडं बरं लिवा." मी म्हटलं, बरं लिहिलेलं कोणी वाचत नाही.

माझी केबिन काचेची आहे. तिथून मला मुलांची तोंडं दिसतात, पडदे दिसत नाहीत. पण कोण उतारा टाइप करतंय आणि कोण रील बघतंय, हे तोंडावरून ओळखता येतं असा माझा दावा होता. टायपिंग करणारा माणूस हसत नाही. जो हसेल त्याच्या टेबलाचा नंबर टाकायचा. मुलं मला घाबरून असत आणि मला ते आवडत असे, हे कबूल करायला हवं.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक बाई येऊ लागल्या. तिशी ओलांडलेल्या, पुसदपासून थोड्या दूरच्या बंजारा तांड्यावरच्या. घरात गोरबोली, त्यामुळे मराठी उताऱ्यातला प्रत्येक शब्द त्या आधी ओठांत म्हणायच्या आणि मग बोटांनी उमटवायच्या. नवरा एका सरकारी कचेरीत कारकून होता. तो आजारपणात गेला आणि त्याच्या जागी अनुकंपेवर या लागल्या. पण कारकुनाची जागा टिकवायची तर ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास व्हावी लागते. एकदा त्या नापास झाल्या होत्या. मुदतीच्या आत आता ही एकच परीक्षा उरली होती. सकाळी पहिल्या बसनं यायच्या, कचेरी उघडेपर्यंत आमच्याकडे बसायच्या. कॉलेजच्या पोरींमध्ये बसायला लाज वाटते म्हणून त्यांनी खांबामागचं एकोणीस नंबरचं टेबल मागून घेतलं होतं. केबिनमधून ते टेबल दिसत नाही.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला मशीनांची पूजा असते. सगळ्या वायरी काढून वीसही सीपीयू गॅलरीत आणायचे, ब्लोअरनं धूळ उडवायची, सतरंजीवर रांगेत मांडायचे, हळदीकुंकू लावायचं, झेंडूचं एकेक फूल ठेवायचं आणि नारळ फोडायचा. प्रत्येक सीपीयूच्या तोंडावर मी ऑइल पेंटनं त्याचा नंबर लिहिलेला आहे. आता हळदीकुंकू लावायचं तर तोंडावरच लावणार, पाठीवर कोण लावतं? या वेळी बायकोनं नेमकं प्रत्येक नंबरावर भरघोस बोट ओढलं. सोनं द्यायला माणसं यायची वेळ झाली होती, म्हणून आम्ही दोघांनी घाईघाईत डबे उचलून टेबलांखाली सरकवले. डबे सगळे सारखेच. देवाचं कुंकू पुसायची आमच्यात पद्धत नाही, ते आपोआप जाईपर्यंत राहू द्यायचं. त्यामुळे कुठला डबा कुठं गेला, हे कोणी पाहिलंच नाही. जाळ्यातला नंबर टेबलाबरोबर नाही, डब्याबरोबर जातो, हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

दसऱ्यानंतर सात नंबरच्या टेबलावर एक कॉलेजची मुलगी बसू लागली. हसरी. ओढणी तोंडाशी धरून हसायची, पण खांदे हलायचे. मी केबिनमधून डोळे वटारले, सात टाकलं, एंटर मारलं. डोळे वटारलेले पाहून ती एकदम गंभीर झाली. मला वाटलं, औषध लागू पडलं. त्या आठवड्यात असं तीनदा झालं.

तिसऱ्यांदा थोड्या वेळानं त्या बाई केबिनच्या दारात आल्या. वेळेच्या आधीच निघाल्या होत्या. "येतो सर," एवढंच म्हणाल्या. मी मान हलवली, वर नीट पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. चार दिवस झाले, पाच झाले. बायको म्हणाली, "परीक्षा तोंडावर आली अन् बाई काहून नाही येऊन राह्यली?" मी म्हणालो, "कापूस फुटला असेल शेतात." ज्या बाईची नोकरी या परीक्षेवर अडकली होती, ती कापूस वेचायला घरी राहिली असेल असं मी अगदी सहज म्हणून गेलो. आज आठवलं की माझं मलाच वाईट वाटतं.

सहाव्या दिवशी एकोणीस नंबरच्या टेबलावरच्या कीबोर्डचं एक बटण अडकतं अशी तक्रार आली. मी कीबोर्ड घेऊन खांबामागं जाऊन बसलो आणि केबिनमध्ये बायको बसली. एकेक बटण काढून साफ करून लावत होतो. तेवढ्यात सात नंबरवाल्या मुलीला कशाचं तरी हसू आलं. बायकोनं तिला एकदा हटकलं, दुसऱ्यांदा हटकलं, आणि शेवटी 'सर करतात तसं' करून पाहिलं.

माझ्या तोंडासमोर पडद्यावर पाटी आली. 'हे तुमच्याच्यानं होणार नाही. घरी जा.'

मी ते वाचलं. माझंच वाक्य, मीच सांगून लिहून घेतलेलं. तरी पहिल्या क्षणी कोणी कानफटात मारावी तसं झालं. खाली सेकंद कमी होत होते आणि मला ते थांबवता येत नव्हतं. मग पडदा काळा झाला. मी टेबलाखाली वाकलो, बोट ओलं केलं आणि वाळलेलं हळदीकुंकू पुसलं. खालून सात निघाले.

त्या बाईंना हे तीन वेळा आलं होतं.

मी कीबोर्ड तसाच उघडा टाकून जिना उतरलो आणि सरळ त्यांच्या कचेरीत गेलो. त्या आवकजावकच्या टेबलावर होत्या. मला पाहून उठून उभ्या राहिल्या आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच बोलायला सुरुवात केली.

"सर, तुमी बरोबरच लिवलं होतं. मी अठरा शब्दाच्या वर जाऊनच नाही राह्यली. पयल्या डावी वाटलं, चुकून आलं. तिसऱ्या डावी समजलं. सर तोंडानं सांगाले संकोचते, म्हणून लिवून सांगून राह्यले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "घरी याडीले सांगतलं. याडी म्हणे, मास्तर खोटं कायले सांगन?" याडी म्हणजे त्यांची आई.

त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढून दाखवला. टायपिंग जमत नसल्यामुळे मला कारकुनाऐवजी शिपायाच्या जागेवर घ्यावं, असा अर्ज होता. सही झाली होती. साहेब दौऱ्यावर होते म्हणून तो अजून ड्रॉवरमध्ये राहिला होता.

मी तिथंच स्टुलावर बसलो आणि पूजा, कुंकू, डबे, हसणारी मुलगी, सगळं सांगितलं. सांगताना दोनदा अडखळलो. त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते पदरानं पुसत राहिल्या. "म्हणजे ते मले नव्हतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नव्हतं. त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं. मग त्यांनी अर्जाची घडी करून पर्समध्ये टाकली.

"उद्या येतो सर," त्या म्हणाल्या.

परीक्षेला तीन आठवडे होते. बायको रोज सकाळी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची, उतारा मोठ्यानं वाचायची म्हणजे त्यांना ओठ हलवावे लागू नयेत. मी चहा आणून द्यायचो, दुसरं मला काही करता येण्यासारखं नव्हतं. त्यांचा वेग अठराचा बावीस झाला, सव्वीसवर अडला, मग एका सकाळी एकतीस आला तेव्हा बायकोनं केबिनच्या काचेवर टकटक करून मला बोलावलं. परीक्षा झाली. निकाल लागायला महिने गेले. त्या पास झाल्या.

मधल्या काळात ही हकिगत मी पुसदभर सांगितली होती. दसऱ्याचं कुंकू आणि सात नंबरचा घोटाळा. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, जिथं माणूस भेटेल तिथं. लोक खूप हसायचे. निकालानंतर बाई पेढे घेऊन आल्या तेव्हाही मी नव्या बॅचसमोर त्यांना उभं करून तीच गोष्ट रंगवून सांगितली. मुलं हसली, त्याही हसल्या. मुलं आपापल्या जागी गेल्यावर त्या मात्र केबिनपाशी थांबल्या.

"सर, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा ना."

"ते मले नव्हतं, हे कळलं त्या दिवशी मी पोटभर जेवली. पण सर, ते त्या पोरीच्या मशीनवर बरोबर गेलं असतं, तं चाललं असतं का?"

मी म्हणालो, "अहो, ती हसत होती."

"हसन नाही तं काय, वय हाय तिचं," त्या म्हणाल्या. "तिची पण परीक्षाच होती ना."

त्यांना कचेरीला उशीर होत होता. बायकोच्या हातात पेढ्याचा पुडा देऊन त्या जिना उतरून गेल्या.

तोवर मी एवढंच धरून बसलो होतो की निरोप चुकीच्या माणसाला गेला. दसऱ्याच्या आधी दीडेक वर्ष डबे आपापल्या टेबलांखाली होते आणि निरोप बरोबर माणसांना जात होता. त्यातले किती जण नंतर आले नाहीत? न आलेल्यांना मी 'गळाला', 'गळाली' म्हणायचो आणि त्यांच्या नावापुढे फुली मारायचो. त्यांच्या तांड्यावर, पाड्यावर, गावात काय घडलं असेल, कोणी घरी काय सांगितलं असेल, हे मी कधी विचारलंच नाही. एका बाईसाठी जिना उतरून पळत गेलो, तेही माझी चूक उघडी पडली म्हणून.

दुपारी दुरुस्तीवाल्याला फोन करून ते दुसरं बटण काढून टाकायला लावलं. मग प्रवेशाचं रजिस्टर उघडलं आणि फुली मारलेल्या पहिल्या नावाचा नंबर फिरवला. एका तरुणानं उचलला. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी इन्स्टिट्यूटचा सर बोलतोय म्हणून सांगितलं.

पलीकडं ट्रॅक्टर बंद झाला. मग त्यानं हळूच विचारलं, "काई चुकलं का सर माह्यं?"