गिरणीवाल्याच्या नावानं गेलेली पत्रिका

ती सकाळ मी अजून विसरले नाही. मी पोलीस अधिकारी नव्हते. जालना रस्त्यावरच्या एका ठाण्यात झाडलोट आणि चहापाणी करायचे. गेल्या वर्षी निवृत्त झाले. साहेब लोकांकडं सांगायला पुष्कळ तपास असतात, माझ्याकडं हा एकच आहे. नाव कुणाचंच लिहीत नाही.

हजेरी नुकतीच झाली होती. ठाणे अंमलदार डायरी उघडून बसले होते. तेवढ्यात करमाडकडचे सात-आठ जण एका माणसाला दंडाला धरून आत आले. तो आमच्या गावचा गिरणीवाला होता. माझं दळण त्याच्याकडंच असायचं. आठ दिवसांवर त्याच्या मुलीचं लग्न होतं.

“साहेब, ह्यानं मोबाईलवर पत्रिका म्हणून व्हायरस पाठवला,” एक जण ओरडला. “उघडली अन् खातं साफ!”

“सोयऱ्यालाबी सोडलं नाय,” दुसरा म्हणाला. “पैठणला नवरदेवाच्या चुलत्याचंबी तेच झालं.”

फौजदार साहेबांनी सगळ्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि गिरणीवाल्याला आत घेतलं. सकाळीच नवरदेवाच्या वडिलांचा फोन आला होता म्हणाला. ह्यात तुमचा हात नाही असं पोलिसांनी सांगितल्याशिवाय हळद लागणार नाही, असा निरोप होता.

“पत्रिका कुणी बनवली?” साहेबांनी विचारलं.

“शहरात गुलमंडीत छापली, साहेब. कागदाची. घरोघर जाऊन दिली. मोबाईलवर एकालाबी नाय धाडली.”

साहेबांनी त्याचा फोन समोर धरला. “मग हे काय? एका मिनिटात दोनशे जणांना गेलीय.”

त्यानं बघितलं आणि कानाला हात लावले. मी चहा घेऊन दारात उभी होते.

“तुला आली होती का अशी पत्रिका?” साहेबांनी त्याला विचारलं.

“आली होती. परवा.”

“कुणाकडून?”

त्यानं मान वर केली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत खाली घातली. “आठवत नाय.”

“फोनातून पुसलीस. चोरच पुसतो.”

“नुसती अडगळ म्हणून पुसली, साहेब. उघडली तर काही दिसलंच नाय. इंग्रजीत काहीबाही विचारत होतं. मी निळ्या अक्षरावर बोट ठेवत गेलो. मग फोन लई तापला.”

निळी अक्षरं मीही दाबली होती. तीन वेळा.

दोन दिवसांपूर्वी पैठणच्या माझ्या बहिणीच्या नंबरवरून पत्रिका आली होती. आमच्यात बोलावणं आलं आणि ते बघितलंच नाही, असं कुणी करत नाही. मानाचा अपमान होतो. मी घाईनं उघडली. काहीच दिसलं नाही. मला वाटलं, आपल्यालाच जमलं नाही. चौथी शिकलेल्या बाईनं कुणाला विचारायचं? ठाण्यात दहा जण होते, पण हसतील म्हणून फोन पदराखाली ठेवून दिला.

आदल्या दिवशी एक हवालदार मला म्हणाले होते, “काय मावशी, पोराचं लग्न काढलं अन् आम्हाला पेढाबी नाय?” माझ्या पोराचं अजून कुठं जमलंही नव्हतं, म्हणून मला ते थट्टा करतात असं वाटलं. मी हसून फरशी पुसत राहिले.

आता सगळं लख्ख दिसलं. साहेब हवालदारांना म्हणाले, “याला बसवून ठेवा. फोन जप्त करा, पंच बोलवा.” तेव्हा मी बोलले. आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी दोनदा विचारलं.

“साहेब, त्याला माझ्या फोनातून गेली असंल.”

साहेबांनी माझा फोन मागितला. आधी त्याचं नेट बंद केलं, मग बघत गेले. त्यांचा चेहरा बदलला. माझ्या फोनातून गिरणीवाल्याला गेली होती, हवालदारांना गेली होती, साहेबांना स्वतःलाही गेली होती. त्यांनी ती उघडली नव्हती एवढंच.

“आपल्यापैकी कुणी उघडली?” साहेबांनी खोलीबाहेर येऊन विचारलं.

ते थट्टा करणारे हवालदार खाली बघत म्हणाले, “मी, साहेब. मावशीच्या घरचं कार्य म्हणून.” त्यांच्या मागून अजून एक हात वर आला. चोराला बाहेर शोधत होतो आणि तो आमच्याच खिशातून गावभर हिंडत होता.

मी गिरणीवाल्याला विचारलं, “दादा, तुला ठाऊक होतं. मग सांगितलं का नाही?”

“आक्का, तुझी नोकरी गेली असती,” तो म्हणाला. “अन् मला वाटलं, पोराचं जमलं तुझ्या. म्हणून तर लगेच उघडली.”

साहेबांनी सायबर शाखेतून बोलावलेल्या माणसानं सगळ्यांना बाकावर बसवून समजावलं. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ असते. हिच्या नावाच्या शेवटी एपीके होतं, म्हणजे ते फोनात शिरणारं ॲप. आपण परवानगी दिली की ते बँकेचे मेसेज वाचतं आणि आपल्या नावानं ओळखीच्या सगळ्यांना स्वतःला पाठवतं. ज्यांनी उघडली त्यांनी आधी नेट बंद करायचं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं आणि फोन पूर्ण पुसून घ्यायचा. फाईल आली की पाठवणाऱ्याला बोलून विचारायचं, माणूस कितीही जवळचा असला तरी. ती बनवणारा कुठल्या राज्यात बसलाय ते मी नोकरीत असेपर्यंत कळलं नव्हतं.

मग साहेबांनी पैठणला नवरदेवाच्या वडिलांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. “तुम्हीच सांगा, मावशी.”

मी आयुष्यात परक्या पुरुषाशी फोनवर बोलले नव्हते. डोळे मिटून सांगितलं, “गिरणीवाल्याचा काही दोष नाही. त्याला माझ्या फोनातून गेली. मी ठाण्यात झाडू मारते. मला वाचता आलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही.”

पलीकडून तो माणूस हळूच म्हणाला, “बाई, मीबी उघडली होती परवा. घरात कुणाला बोललो नाय. माझ्या फोनातूनबी गेली असंल का?”

मी साहेबांकडं बघितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

“गेली असंल,” मी म्हणाले. “आधी नेट बंद करा. मग घरातल्या सगळ्यांना सांगा.”

लग्न ठरल्या दिवशी लागलं. ठाण्यातल्या त्या दिवशी संध्याकाळीच मी बहिणीला फोन केला होता. तिनंही उघडली होती आणि दोन-तीन दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्यासारखीच लाजली होती. आम्ही सगळी माणसं एकमेकांना रोज भेटत होतो, दळण देत होतो, चहा देत होतो. एकानं जरी तोंड उघडलं असतं, तरी ती पत्रिका पुढच्याच दारात थांबली असती.