सात नंबरची बाई, तेवीस नंबरची बाई

प्रज्ञा मॅडमचा शोधनिबंध ज्याने चोरला, त्याचं नाव मी तोंडाने घेत नाही. इथे त्याला साहेब म्हणतो, तेही दात-ओठ खाऊनच.

मी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका खासगी कॉलेजात ग्रंथपाल आहे. सत्तावीस वर्षांत चोर खूप पाहिले. पानं फाडणारे पाहिले, ब्लेडने चित्रं कापून नेणारे पाहिले. त्यांना निदान चोरी करताना इकडेतिकडे बघायची लाज होती.

प्रज्ञा आमच्याकडे वाणिज्य शिकवते. पद 'अतिथी विद्वान'. म्हणायला विद्वान आणि वागणूक पाहुण्याचीही नाही. दर जूनमध्ये यादी निघते; नाव असलं तर नोकरी, नसलं तर घरी. यादीत टिकायचं तर मान्यताप्राप्त नियतकालिकात एक तरी शोधनिबंध छापून यावा लागतो.

तिने विषय घेतला तो आईच्या कामाचा. पंचफुलाबाई, मोहगावच्या. तीस वर्षं संत्री निवडतात. बगीच्यात तोडा झाला की बायका ढिगाभोवती बसतात आणि नुसत्या हाताने फळांचे तीन ढीग करतात. काटा नाही, माप नाही. नागपूरचा व्यापारी त्या ढिगांवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. व्यवसायशास्त्राच्या जाड जाड पुस्तकांत या बायकांबद्दल एक ओळ सापडत नाही, मी शोधली आहे.

प्रज्ञा आणि तिची विद्यार्थिनी हिमानी मोहगावपासून पांढुर्ण्यापर्यंत हिंडल्या. एकेचाळीस बायकांच्या मुलाखती झाल्या. नावं गुप्त ठेवायची म्हणून प्रत्येकीला नंबर दिला. सात नंबर पंचफुलाबाई. त्या म्हणाल्या होत्या, "साल सुटली का ते फळ लांब नाई जात. डोळ्याले दिसत नाई, बोटाले समजते." म्हणजे गरापासून साल सैल झालेलं फळ लांबच्या प्रवासात टिकत नाही.

पांढुर्ण्याकडच्या, संत्री निवडणाऱ्या बायकांच्या टोळ्यांच्या मुलाखती हिमानीने घेतल्या. त्या टोळ्यांत बाईला तिच्या नावाने कोणी हाक मारत नाही, थोरल्या लेकराच्या नावाने मारतात. हिमानीने एका कागदावर लिहून आणलं, 'कुणालची माय'. या भागात कुणाल काय कमी आहेत? ती बाई तेवीस नंबर झाली.

लेख पाठवून झाल्यावर प्रज्ञाने एकदा घरी तो आईला मराठीत वाचून दाखवला. तेवीस नंबर आला आणि पंचफुलाबाई हसायला लागल्या.

"अवं, हे तं मीच बोलली!"

"तू पांढुर्ण्याले कवा गेलती, माय?"

"तिकडं तोडा होता, दहा दिवस गेलती. त्या पोरीनं विचारलं, मी सांगतलं. तिची परीक्षा असंन म्हनलं."

प्रज्ञाचा थोरला भाऊ कुणाल. म्हणजे एकच बाई दोनदा मोजली गेली होती. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. प्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी संपादकांना पत्र पाठवलं, माझ्याच ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवरून: एकेचाळीसऐवजी चाळीस वाचावे, क्रमांक तेवीस वगळावा. उत्तर आलं की लेख परीक्षणाला गेला आहे, आता बदल करता येणार नाही.

अकरा महिन्यांनी निकाल आला. परीक्षक कोण ते कळत नाही, तसा नियमच आहे. परीक्षकाने लिहिलं होतं: विषय फार स्थानिक आहे, सैद्धांतिक बैठक कच्ची आहे, सात नंबरच्या बाईचं विधान अशास्त्रीय असल्याने काढून टाकावं. लेख नामंजूर. प्रज्ञा वाचनकक्षात वर्तमानपत्र तोंडासमोर धरून रडली.

आणखी सात महिन्यांनी त्याच नियतकालिकात, विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या या साहेबांचा लेख आला. पहिलंच वाक्य, झकास इंग्रजीत: साल सुटली की फळ लांब जात नाही. पुढे एकेचाळीस बायका. त्यांत सात नंबरही होती आणि तेवीस नंबरही. मी दोन्ही लेख टेबलावर शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. चोराने घर धुऊन नेलं ते नेलं, केरसुद्धा उचलून नेला होता!

तक्रार केली. संपादक म्हणाले, एकाच परिसरात अभ्यास केला तर साम्य आढळणं स्वाभाविक आहे.

फेब्रुवारीत आमच्या कॉलेजात चर्चासत्र ठरलं आणि प्राचार्यांनी प्रमुख वक्ता बोलावला तो हाच साहेब. शाल-नारळाचं ताट धरायचं काम प्रज्ञाला दिलं. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मॅडमले समजवा. जूनची यादी मीच पाठवतो."

मी समजावलं नाही. तिनेही ताट टेबलावर ठेवून दिलं.

साहेब तासभर बोलले. आपण उन्हातान्हात बगीचे कसे तुडवले, बायकांसोबत मातीत कसे बसलो. संपल्यावर हिमानी उभी राहिली.

"सर, तेवीस नंबरच्या बाईले तुमी कुठं भेटले?"

"पांढुर्णा में. मैं खुद बैठा था उनके साथ."

"आन सात नंबरच्या?"

"मोहगाँव में."

शेवटच्या रांगेतून पंचफुलाबाई उठल्या. सालीच्या तेलाने काळी-पिवळी झालेली बोटं त्यांनी जोडली.

"जय भीम, साहेब. सात नंबर मी. तेवीस नंबर बी मीच. तुमी मले दोनदा भेटले म्हन्ता, आन मी तं तुमाले आज पयल्यांदा पाहून राहिली."

साहेब पाणी प्यायले. प्राचार्यांनी घाईघाईने चहा जाहीर केला. सोबत संत्र्याची बर्फी होती. मी ती तशीच ताटात सोडली.

एप्रिलच्या अंकात, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात शुद्धिपत्र आलं: एकेचाळीसऐवजी चाळीस वाचावे, क्रमांक तेवीस वगळावा. प्रज्ञाच्या पत्रातलं वाक्य, शब्दाला शब्द. तेव्हा बदल करता येत नव्हता, आता आला. फक्त लेखकाचं नाव तेवढं बदललं नाही. जूनच्या यादीत प्रज्ञाचं नाव नव्हतं. तिने ते पत्र आणि हे शुद्धिपत्र एकत्र जोडून साहेबांच्या विद्यापीठाला पाठवलं आहे. अजून पोचही नाही. थू असल्या विद्वत्तेवर!

माझ्या हातात होतं ते मी केलं. तो अंक ग्रंथालयाच्या सूचीत चढवताना लेखक म्हणून लिहिलं, प्रज्ञा. खाली लिहिलं, माहिती देणाऱ्या पंचफुलाबाई, मोहगाव. प्राचार्यांनी ते कार्ड पाहिलं.

"हे काय लावलं तुमी?"

"शुद्धिपत्र," मी म्हणालो.

जुलैमध्ये पंचफुलाबाई स्वतः ग्रंथालयात आल्या. त्यांना वाचता येत नाही. कार्डावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "इथं माह्या पोरीचं नाव हाय?"

"हाय."

"आन माहं?"

"तुमचं बी हाय, बाई. पन आता एकदाच."