हळदीआधीच सासरी

माझ्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कुणावर लिहिण्याएवढी मी मोठी नाही, तरी लिहिते, माफ करा.

पनवेलला आमच्या कॉलेजच्या रेडिओवर एक काका गावांचा कार्यक्रम करतात, त्यात लग्नातली गाणीही गातात. पूर्वी ते हळदीत ढोलकी वाजवायचे. अजूनही वाक्य संपलं की टेबलावर थाप पडते. "ओवेकर, बेलपाडेकर, पुढं या, बसा!" असा आग्रह ते माइकलाच करतात.

परवा वरून निरोप आला, कुणी ऐकत नसेल तर कार्यक्रम बंद. काकांचं टेबल गप्प झालं.

काल बेलपाड्याची म्हातारी धवलारीण, लग्नात गाणी म्हणणारी, थेट स्टुडिओत शिरली.

"मेल्या, गान्यात हलद लागन्याआदीच नवरी सासरी धाडलीस? काय गातंस? आमी मांडवभर बायका हसलो!"

काका नाचायचेच बाकी होते.

"मांडवभर? म्हंजे आयकता तुमी!"