फ्रेंच सिनेमाचे प्रॉम्प्टर

अंबरनाथ पश्चिमेच्या विष्णुपंतांनी तीस वर्षं कारखान्याच्या नाट्यमंडळात प्रॉम्प्टिंग केलं. विंगेत उभे, हाती संहिता, नाकावर चष्मा. आवाज असा, की नटाच्या कानात शिरावा आणि प्रेक्षकांना पत्ता लागू नये. खोट एकच, शांतता त्यांना सोसत नसे. नटाने जरा पॉझ घेतला, की हा विसरला असं समजून ते वाक्य टाकत. कितीतरी रडके प्रसंग त्यांनी असे उधळले. पण त्यांच्या भरवशावर उभा राहिलेला एकही नट कधी तोंडघशी पडला नाही, हेही तितकंच खरं.

नात ओवीने वाचनालयाच्या सभागृहातल्या दरमहाच्या खेळाला एक फ्रेंच कार्टूनपट लावला. नजर मंदावल्यापासून विष्णुपंतांच्या पत्नी वृंदाताईंनी सिनेमा सोडलेला. चित्रं दिसत, अक्षरं नाही. पडद्यावरच्या भाषांतराच्या पट्ट्या मी वाचून सांगतो, अशी विष्णुपंतांनी गळ घातली. त्या म्हणाल्या, "येते. पण काही कळलं नाही, तर यापुढे मला कुठे चल म्हणायचं नाही."

सिनेमा सुरू झाला. एक गोलमटोल पोस्टमन पाठीवर लाकडी दार घेऊन डोंगर चढतोय. दमला की दार उभं करतो, उघडून आत जातो, तर पलीकडे कधी समुद्र, कधी कुणाचं स्वयंपाकघर. गंमत म्हणजे अख्ख्या सिनेमात बोलणंच नाही, नुसते हुंकार. पट्ट्याच नाहीत, तर वाचणार काय? विष्णुपंतांनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याचा तळ न्याहाळला. शेजारी वृंदाताई गप्प. हिला काही कळत नाहीये, आता संपलंच, असं त्यांनी धरूनच टाकलं.

तेवढ्यात पोस्टमनने पुन्हा दार उभं केलं आणि या खेपेला तो थबकला. ठोठावावं की नको? क्षण गेला, दोन गेले. विष्णुपंतांच्या गळ्यातून तीस वर्षांची सवय निसटली, "आत या ना, उघडंच आहे."

नेमकं तेव्हाच दार उघडलं. सभागृह खदखदून हसलं.

वृंदाताई पदराने डोळे पुसत हसत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या मनगटावर चापटी मारली. "अहो, मला सगळं कळतंय. तुम्हीही जरा बघा की."

मग विष्णुपंत खुर्चीत मागे रेलले आणि तोंड उघडं टाकून बघत राहिले.

परतताना रिक्षात वृंदाताईंनी ओवीलाच सिनेमा पहिल्यापासून सांगितला, पोस्टमनच्या धापांसकट. घरापाशी उतरताना म्हणाल्या, "पुढच्या महिन्याचं तिकीट आत्ताच ठेव माझं. आणि आजोबांना माझ्यापासून चार खुर्च्या लांब बसव."