वाढत्या अंगाचं जाकीट

गल्लीत कुणालाही विचारा, मापआत्याचं घर कुठलं, तर तो बोट दाखवील आणि वर एक किस्साही ऐकवील. बाई कपडे शिवते. गिऱ्हाईक दारातून आत येऊन टेकेपर्यंत हिनं नुसत्या नजरेनं त्याचं माप घेतलेलं असतं. टेप गळ्यात असते, पण ती आपली शोभेला. एका गृहस्थांना तिनं कमरेचा आकडा तोंडावर सांगितला, तेव्हा ते तणतणत निघून गेले. मग दुसऱ्या शिंप्याकडून तोच आकडा ऐकून गुपचूप परत आले.

मुलांच्या कपड्यांत तर तिचा हात धरणारं कुणी नाही. शाळेचा गणवेश असा शिवणार, की पोर दोन वर्ग पुढं गेलं तरी आईला कापडाच्या दुकानाची पायरी चढायला नको. शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवायचं, अंग वाढलं की टाके उसवून ते सोडायचं. "वाढत्या अंगाचं शिवलंय हो!" असं ती म्हणाली, की आया निर्धास्त. तिची भाची टिल्ली तर बाह्या दुमडल्याशिवाय कधी घराबाहेर पडलीच नाही.

ही टिल्ली आत्याकडेच वाढतेय. तिचे आईवडील दोघंही प्रवासी जहाजावर नोकरीला, बाप स्वयंपाकी आणि आई नर्स. "पोर तुझ्या ओटीत घालून चाललोय, ताई," असं म्हणून भाऊ गेला. आत्यानं डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही, पण त्या दिवसापासून टिल्लीला साधी शिंक आली तरी ती काढा उकळायला ठेवते. आणि नेमकं याच कार्टीला पाण्याचं वेड! तळ्यावर मुलांना छोटी होडी वल्हवायला शिकवतात, तिथं जायचं म्हणून तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी आत्या हो म्हणाली. लाइफ जॅकेट तेवढं प्रत्येकानं आपापलं आणायचं होतं.

"वजन किती हिचं?" दुकानदारानं विचारलं.

"वजन कशाला? भाजी घ्यायला आलेय का मी?"

"मावशी, लहान मुलांचं जॅकेट वजनावर असतं. वय, उंची नाही बघत."

"मला माप शिकवतोस होय रे? ते मोठं काढ. वाढत्या अंगाची आहे पोर."

दुकानदार बिचारा सांगून थकला, की सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं. आत्यानं त्याला कोपरापासून हात जोडले आणि मोठं जॅकेट काखोटीला मारून घरी आली. सैल आहे ना, मग घट्ट करू! तिनं ते मशीनवर घेतलं आणि दोन्ही कुशींना आरपार टिपा घातल्या. आतला फोम जाडजूड, सुई मोडली. तिनं दुसरी लावली. टिल्लीच्या छातीवर जॅकेट चापूनचोपून बसलं, तेव्हा आत्या आरशात बघून टिल्लीपेक्षा जास्त खूश झाली.

तळ्याच्या धक्क्यावर कोचबाई प्रत्येक मुलाला पट्टे आवळून उभं करत होत्या आणि जॅकेटचे खांदे धरून वर ओढून बघत होत्या. टिल्लीचे खांदे ओढले, तर जॅकेट थेट कानापर्यंत आलं. कोचबाईंनी कुशीवरून हात फिरवला.

"हे काय? यावर मशीन चालवलीत तुम्ही?"

"चालवली की! टीप बघा कशी सरळ आलीय."

"अहो, टीप सरळ आहे, पण आतला फोम चिरडलाय, भोकं पडलीत. आणि बाजूनं आवळलं तरी लांबी मोठ्या मुलाचीच राहिली ना? मी हिला होडीत बसवणार नाही."

आत्याचा पारा चढला. भर धक्क्यावर, आठ-दहा आयांसमोर, तिच्या शिवणीला नावं ठेवली होती! "टीप माझी आहे, बाई. जागची हलणार नाही," ती ठणकावून म्हणाली.

"ठीक आहे. पायरीजवळच्या पाण्यात बघू. मी हाताशी आहे."

कोचबाई टिल्लीला घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. त्यांनी तिला पाय वर घ्यायला सांगितलं आणि हात सोडला. टीप खरंच हलली नाही. जॅकेट अख्खंच्या अख्खं वर तरंगलं आणि टिल्ली त्यातून खाली सरकली. नाकतोंड आत गेलं, वर राहिले नुसते केस.

कोचबाईंनी तिला लगेच उचललं. पण तेवढ्यात आत्या चपलांसकट पाण्यात होती. पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते, यातलं तिला काही आठवलं नाही. टिल्ली खोकत होती, आणि आत्या तिला छातीशी धरून तिची पाठ चोळत होती. "माझं चुकलं गं, माझं चुकलं," एवढंच ती म्हणत होती. तिच्या तोंडून हे शब्द गल्लीत कुणी कधी ऐकले नव्हते. ज्या पोरीसाठी ती रात्रंदिवस जिवाचं रान करत होती, तिलाच तिनं आपल्या हातानं बुडवलं असतं.

थोड्या वेळानं पायरीवर बसून तिनं लुगडं पिळावं तसा ओढणीचा बोळा पिळला, नाक पुसलं आणि उठली. "चल गं. दुकान उघडं असेल अजून."

दोघींना ओल्या कपड्यांत बघून दुकानदार काउंटरमागे सरकला. आता आपली खैर नाही असंच वाटलं त्याला. पण आत्यानं टिल्लीला स्वतःच वजनकाट्यावर उभं केलं. जॅकेटच्या आतली पट्टी डोळ्यांजवळ धरून कुठल्या वजनासाठी आहे ते वाचलं. मग एकेक घालून बघितलं. हात वर कर, उडी मार, मांडी घालून बस. खांदे तर तिनं असे ओढले, की टिल्ली अधांतरी लोंबली. शेवटी एक जॅकेट जागचं हललं नाही. मानेमागं डोकं उचलून धरणारी उशी, पायांमधून घ्यायचा पट्टा.

"मला निळं हवं," टिल्ली म्हणाली.

"पाण्यात निळं? लपाछपी खेळायला चाललीयस का? नारिंगी घ्यायचं."

दुकानदाराला आता धीर आला. "पुढच्या वर्षी हे लहान होईल बरं का, मावशी."

"होऊ दे की!" आत्या म्हणाली. "पुढच्या वर्षी ही मोठी झालेली बघायचीय, म्हणूनच तर घेतेय."

दुसऱ्या आठवड्यात, होडी उलटली तर काय करायचं ते शिकवायला, मुलांना मुद्दाम होडी उलटवायला लावली. आत्या धक्क्याच्या अगदी कडेला उभी. तिनंही जॅकेट घातलं होतं, स्वतःच्या वजनाचं. शेजारच्या एका आईनं आपल्या मुलाकडं बघत कौतुकानं सांगितलं, "याचं जरा मोठंच घेतलंय, वाढत्या अंगाचं." आत्यानं तिला पुढं बोलूच दिलं नाही. मुलाचे खांदे धरून ओढले, जॅकेट कानावर आलेलं त्या आईला दाखवलं आणि कोचबाईंना हाक मारली.

तेवढ्यात टिल्लीची होडी कलंडली. पाण्यावर होडीची पालथी पाठ दिसली, दुसरं काही नाही. आत्या धक्क्यावरून पुढं वाकली. मग पलीकडून नारिंगी जॅकेट वर आलं आणि त्यावर टिल्लीचं हसरं तोंड.

"आत्या, मी दिसतेय का गं?"

"दिसतेस!" आत्या इतक्या जोरात ओरडली की सगळ्या होड्यांतली वल्ही थांबली. "अख्खी दिसतेस!"