विसळलेला ग्लास

फोन नीट कानाला लाव गं भाचीबाई. एकाच शहरात नल्लकुंट्याहून तारनाक्याला यायला तुला काय पासपोर्ट लागतो? मला एक गोष्ट टोचतेय आणि ऐकायला कुणी नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. प्रयोगशाळेत साबण काचेला कसा धरून बसतो ते शोधतो. बोलायला गोड, प्रत्येक वाक्याआधी "वो क्या है ना आंटी". रोज चहाला येतो, पण मी चहा ओतायच्या आधी माझा धुतलेला ग्लास उचलून पुन्हा विसळतो!

"का रे, आमच्या घरचं चालत नाही का?" मी विचारलंच.

"वो क्या है ना आंटी, धोने के बाद भी साबुन काँच पे बैठता." खिशातल्या बाटलीतला थेंब त्याने ग्लासातल्या पाण्यात सोडला, वर जांभळा टॉर्च मारला. तो रंग पाण्यात विझलेला असतो म्हणे, साबणाच्या थरात शिरला की पेटतो. काच हिरवीगार चमकली.

पण काल मी मुद्दाम नवा कोरा ग्लास नुसत्या गरम पाण्याने धुतला. साबण लावलाच नाही, असं त्याला सांगितलंही. "हौ आंटी," म्हणाला, आणि उठून विसळलाच! कोपऱ्यावरच्या हॉटेलात मात्र बादलीत बुचकळलेल्या कपातून खुशाल पितो. डोळ्यांनी पाहिलंय मी.

तू ये गं लवकर. चहा तुझ्या हातून देऊ. तू दिलेल्या ग्लासातून न विसळता प्यायला, तर अडचण साबणाची नाही, माझ्या हाताची आहे, हे मला कळेल.