दोन सहा आणि स्टीलचे डबे

संख्याशास्त्र मी जळगावच्या एका कॉलेजात अकरा वर्षं शिकवत होतो आणि त्यानं कुणाचं नुकसान झालेलं नव्हतं. मग मेहरूणमधल्या आमच्या विहाराच्या वाचनालयावर पत्रे टाकायचं ठरलं.

"तिकिटं छापू, सोडत काढू," समितीचे अध्यक्ष आबा म्हणाले.

"आबा, ती जुनी पद्धत झाली," मी म्हणालो. "दोन रुपयांत दोन फासे टाकायचे. दोन्हींवर सहा आले तर स्टीलचा डबा. हे सरासरी छत्तीस फेकींत एकदाच होतं. म्हणजे बहात्तर रुपये येणार, छत्तीसचा डबा जाणार. निम्मे पैसे पत्र्यांना."

"हा जुगार तर नाही ना?"

"छे. जुगारात आपण हरू शकतो."

आबांनी मान डोलावली. (समजलं नाही की माणसं अशीच डोलावतात. वर्गात रोज बघत होतो.)

लांबून दिसावेत असे मोठे लाकडी फासे माझ्या मेहुण्यानं, दिलीपनं, करून दिले. तो वरणगावला सुतारकाम करायचा. ठिपक्यांसाठी त्यानं ड्रिलनं चांगली खोल भोकं पाडली.

"एकदा टाकून तर बघा," बायको म्हणाली.

"सुनंदा, गणित म्हणजे आमटी नाही चाखून बघायला."

वाचनालयाच्या वर्धापनदिनी टेबल मांडलं. दहा डबे आणले होते. पहिल्या वीस फेकींत चार गेले.

"होतं असं," मी रांगेला समजावलं. "पुढं भरून निघेल."

तासाभरात दहाही संपले. रांग मात्र पार रस्त्यापर्यंत गेली. तेवढ्यात शेजारच्या धुळ्याकडच्या अक्कांना दोन सहा पडले. त्या हात पुढे करून उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुनं गणित बठ्ठं खरं शे. पन मना डबा कोठे शे?"

मी घरी पळालो. तुरीची डाळ उशीच्या अभ्र्यात ओतली, पोहे बादलीत, आणि सुनंदाचे माहेरचे सात डबे उचलून आणले. तेही गेले. सुनंदा शेजारी उभी राहून एकेक डबा जाताना बघत होती.

शेवटी दिलीप आला. त्यानं फासा हातात तोलला.

"दाजी, सहाच्या बाजूला सहा भोकं, समोर एकच. लाकूड कमी झालं की बाजू हलकी. हलकी बाजू वर येणारच."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुम्ही एम.एस्सी. ना. म्हटलं, धरलं असेल हिशेबात."

पत्रे पुढे आबांनी दारोदार वर्गणी मागून टाकले. मलाही समितीनं एक बिनधोक काम दिलं: कार्यक्रमानंतर भाड्याच्या खुर्च्या मोजायचं. मी तीनदा मोजल्या. तीन वेगवेगळे आकडे आले, म्हणून सरासरी काढून लिहिली.